प्रत्येक ट्रिपला येणारी खाला

सौदी अरेबियातला असा रस्ता नाही जो कासमचाचाला ओळखत नाही. डोळे बांधून मला दम्मामला सोडा, रियाधला बरोबर पोचेन. मागच्या महिन्यात डोळे उघडे ठेवून गेलो होतो तर रियाधच्या बत्हा बाजाराच्या गर्दीत अडकलो. एकाच मोबाइलच्या दुकानासमोरून इतक्या वेळा गेलो, की शेवटी आतला मल्याळी माणूस चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "चाचा, आता बसूनच घ्या."

तर असा मी. दापोलीकडचा. शाळा सातवीपर्यंत, पुढे शाळेलाच माझा कंटाळा आला. इथे दम्मामला कफीलची कोस्टर चालवतो. कोस्टर म्हणजे छोटी बस आणि कफील म्हणजे ज्याच्या नावावर माझा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, आहे तो मालक. भला माणूस. मला चेहऱ्याने ओळखत नाही, त्यामुळे आमचं कधी भांडण नाही. आठवडाभर कंपनीची माणसं धाहरानला नेतो आणि आणतो. सुट्टीच्या दिवशी पोरं. पोरं म्हणजे आपल्याकडून इथल्या विद्यापीठात शिकायला आलेली मराठी मुलं-मुली. कुठे जायचं, कुठे थांबायचं, डाळभात कुठे मिळेल, मुलींसाठी स्वच्छ बाथरूम कुठल्या पंपावर आहे, हे सगळं ती मला विचारतात. मी सांगतो. आणि मी सांगितलं की ती एकमेकांकडे बघतात, कारण माझ्यावर कुणाचाच भरवसा नाही.

गाडीत वाळू साचते तसे हे किस्से साचलेत. रोज झाडतो, तरी सीटखाली असतातच.

*

ट्रिप ठरवायचा यांचा एक ग्रुप आहे फोनवर. मलाही त्यात घेतलंय, कारण गाडी माझ्या हातात. ट्रिप ठरवायची म्हणजे आधी मतदान. अबहाला डोंगर बघायला जायचं, अल-उलाला दगड बघायला जायचं, की जवळच्या अल-अहसाला खजुराच्या बागा बघायला? सगळे मत देतात. मग दिलेलं मत बदलतात. मग ज्याने मतच दिलेलं नाही तो लिहितो, "मला काहीही चालेल." आणि जे ठरतं ते सोडून त्याला काहीही चालतं.

या सगळ्यांचा म्होरक्या चिन्मय. नाशिकचा, पीएचडीवाला. काँक्रीटला भेगा का पडतात यावर शिकतोय. पोरगा गुणी, पण ट्रिपचा प्लॅन असा करतो की त्यात लघवीलासुद्धा वेळ नेमून दिलेली असते.

एकदा मी हळूच मतदानात एक पर्याय वाढवला: "चाचा नेतील तिथे." त्याला एकच मत पडलं. माझं. चिन्मयने लगेच खाली लिहिलं, "ड्रायव्हरला मतदानाचा हक्क नाही."

*

हा चिन्मय जन्माने संशयी नव्हता. मी केला.

नवा नवा आला होता तेव्हा मी सांगेन ते ऐकायचा. पहिल्याच ट्रिपला मी त्याला बाजूला घेतलं आणि गंभीर तोंडाने म्हणालो, "पुढे पोलिसांचं चेकपोस्ट आहे. विद्यार्थी असला की तो काय शिकतो ते अरबीत सांगावं लागतं. नाहीतर गाडी परत फिरवतात."

पोरगं पांढरं पडलं. फोनवर भाषांतर काढलं, आणि सगळ्या वाटभर खिडकीकडे तोंड करून काँक्रीटच्या भेगा अरबीत पाठ करत बसलं. मागे पोरं गाणी म्हणतायत, आणि हा आपला घोकतोय.

चेकपोस्ट आलं. तिथला पोलीस तरुण, कंटाळलेला. माझा इकामा बघितला, आत एक नजर टाकली आणि हात केला, यल्ला, चला. मी गिअर टाकतोय तोवर चिन्मयने खिडकी उघडली आणि सुरू! एका दमात सगळं सांगितलं. भेगा कशा पडतात, उष्णतेने काय होतं, मिठाने काय होतं. पोलीस बिचारा ऐकत उभा. मागे गाड्यांची रांग लागली. ऐकून झाल्यावर त्याने चिन्मयच्या खांद्यावर हात ठेवला आणि अरबीत काहीतरी विचारलं. चिन्मयला प्रश्नाची तयारी नव्हती. माझ्याकडे बघायला लागला.

मी सांगितलं, "तो म्हणतोय, माझ्या घराच्या भिंतीलाही भेगा पडल्यात. कधी येतोस?"

चिन्मयला वाटलं हीपण माझी थाप. नव्हती. पोलिसाने त्याचा नंबर घेतला तेव्हा त्याचा विश्वास बसला. पण त्या दिवसापासून माझ्यावरचा उडाला तो उडालाच. आता मी "उजव्या हाताला समुद्र आहे" म्हणालो, तरी तो आधी मॅप बघतो आणि मग समुद्र बघतो.

*

जेवणाच्या हॉटेलाचंही तसंच. हुफूफच्या वाटेवर आमच्या ओळखीचा एक हैदराबादी आहे. त्याच्याकडे भाजी वेगळ्या कढईत होते, म्हणून मी पोरांना तिथे न्यायचो. मालक मला फुकट चहा द्यायचा. बस, पोरांच्या मनात पाल चुकचुकली. चाचाचं काहीतरी साटंलोटं आहे.

पुढच्या ट्रिपला त्यांनी मला न विचारता फोनवरच दुसरं हॉटेल शोधून काढलं. खूप स्टार, खूप तारीफ. मला फक्त लोकेशन दिलं. मी म्हटलं, बरं बाबा. गाडी लावली, पोरं रुबाबात आत गेली, आणि काउंटरमागून एक माणूस धावत आला आणि मला कडकडून मिठी मारली. पहिल्या हॉटेलवाल्याचा सख्खा भाऊ. नवीन शाखा काढली होती!

आता मला तरी काय माहीत? पण चिन्मय माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही हॉटेल मीच आदल्या दिवशी बांधून घेतलंय.  जेवून उठताना म्हणाला, "चाचा, तुम्ही किती आधीपासून प्लॅन करता?"

*

मग एकदा मी खरं बोललो. त्याचा हा परिणाम.

अल-उलाच्या रस्त्याला एक लांब ओसाड पट्टा लागतो. ना झाड, ना दुकान, ना पंप. त्याच्या आधीच्या पंपावर मी गाडी थांबवली आणि मागे वळून सांगितलं, "पुढे बराच वेळ काही नाही. सगळ्यांनी जाऊन या."

एकही हलला नाही. सगळे गालात हसतायत. चाचा आपल्याला उगाच उन्हात उतरवतायत आणि मग आपण आत गेलो की गाडी थोडी पुढे नेऊन उभी करणार. (हे मी पूर्वी केलं होतं, ते मान्य.) मी परत सांगितलं. चिन्मय म्हणाला, "चाचा, एकच जोक दोनदा करायचा नसतो."

बरं. निघालो. थोड्या वेळाने मागची गाणी थांबली. आणखी थोड्या वेळाने गप्पा थांबल्या. आरशात बघतो तर सगळे जण मांडी घट्ट करून, देवाचं नाव घ्यावं तसे डोळे मिटून बसलेत. मी मुद्दाम रेडिओ लावला. त्यात नेमकी पाणी जपून वापरा अशी जाहिरात चालू होती, मागे नळाचा आवाज.

पंप आला तेव्हा गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडलं गेलं. सगळ्यात शेवटी चिन्मय परत आला. चेहरा हलका झाला होता, पण राग तसाच. म्हणाला, "चाचा, खरं बोलायचं असेल तेव्हा तोंड तरी वेगळं करत जा."

*

आता मुक्ताचं सांगतो.

मुक्ता लातूरची. खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी कसं करायचं ते शिकते. लातूरची पोरगी, पाण्याचंच शिकणार. हुशार, हसरी, पण पहिलं वर्षभर एकाही ट्रिपला आली नाही. प्रत्येक वेळी ग्रुपवर लिहायची, "तुम्ही जा, फोटो पाठवा." मी चिन्मयला विचारलं, काय भानगड? तो म्हणाला, तिचे बाबा.

तिचे बाबा म्हणजे निवृत्त फौजदार. आई ती शाळेत असतानाच गेलेली. घरात बाप आणि लेक, आणि लेक समुद्रापार. माणूस इतका संशयी, की मुक्ता फोनवर शिंकली तर बाजूला कोण आहे विचारायचा.

मी म्हटलं, लाव फोन, मी बोलतो. चिन्मय म्हणाला, तुम्ही सोडून कुणीही बोला. पण लावला.

व्हिडिओवर एक पांढऱ्या मिशीचा माणूस आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "गाडी दाखवा." मी गाडी दाखवली. "कॅमेरा खाली घ्या. टायर. आणखी खाली. मागचं टायर." मला वाटलं विकत घेतोय. मग माझी पाळी. गाव कुठलं, वाडी कुठली, पोलीस पाटील कोण, भाऊ किती, त्यातले अजून बोलतात किती. मी एकेक सांगत गेलो आणि तो दरवेळी "बरं" म्हणत गेला. त्या 'बरं'मध्ये हो नव्हतं, नाहीपण नव्हतं. नुसतं डोक्यात नीट मांडून ठेवल्याचा आवाज होता.

दुसऱ्या दिवशी गावाहून माझ्या बायकोचा, रुकय्याचा फोन. आवाज चढलेला. "काय करून ठेवलंत तिकडं? घरी पोलीस आला होता."

फौजदाराचा कुणी जुना दोस्त आमच्या भागात होता म्हणे. त्याने एक शिपाई पाठवला. शिपाई पडवीत बसला, चहा प्याला, रुकय्याने केलेले तांदळाचे पोळे खाल्ले आणि विचारलं, नवरा कसा आहे? दारू पितो का? मारतो का? कुठे केस आहे का?

मी घाबरत घाबरत विचारलं, "मग तू काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं," रुकय्या म्हणाली. "केस नाय, दारू नाय, पण खोटं फार बोलतो. तो म्हणाला, तेवढं आम्हाला ठाऊक आहे."

*

फौजदाराने परवानगी दिली. पण अट घातली. अबहाची ट्रिप मुक्कामाची होती. तो म्हणाला, पोरींबरोबर कुणीतरी वयस्क बाईमाणूस पाहिजे. नाहीतर नाही.

आता वयस्क बाई आणायची कुठून? दम्मामच्या ओळखीच्या घरांत विचारलं. एकीचे गुडघे, एकीची नातवंडं, एकीला माझ्या गाडीत बसायचंच नव्हतं. पोरं गाडीत तोंड पाडून बसली होती. मुक्ता म्हणाली, "जाऊ दे चाचा. तुम्ही जा, फोटो पाठवा." हे ती इतक्या सवयीने म्हणाली, की माझं डोकं फिरलं.

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि फौजदाराला म्हणालो, साहेब, काळजी नको, माझी बायको आलीय इकडे, तीच येणार सोबत.

 पलीकडून, "बरं. द्या त्यांना."

मी म्हटलं, ती परक्या माणसासमोर कॅमेऱ्यावर येत नाही. आमच्यात तसंच आहे. हे मात्र फौजदाराने लगेच मानलं. म्हणाला, बरोबर आहे, आवाजावर द्या.

मी कॅमेरा बंद केला, मान वळवली, ओढणी सावरल्यासारखा हात केला (का केला, देव जाणे) आणि रुकय्याच्या आवाजात म्हणालो, "सलाम साहेब. मी रुकय्या बोलतेय."

रुकय्याचा आवाज मी जन्मभर ऐकतोय, त्यातला बराचसा फोनवर. तेवढा तर तोंडपाठ असणारच. तिचा खोकला, तिचं "काय ते", वाक्य संपताना एक श्वास सोडायची तिची सवय, सगळं आपोआप आलं. फौजदाराने तिला लगेच खाला, म्हणजे मावशी, केलं आणि विचारलं, पोरींची खोली वेगळी असेल ना? खाला म्हणाली, वेगळी नाय, पोरी माझ्या खोलीत. दार मी लावणार, चावी माझ्या उशीखाली.

मागे मुक्ता तोंडावर हात दाबून सीटखाली गेली होती. चिन्मय तर गाडीतून उतरून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा डोळे पुसत होता. म्हणाला, "चाचा, या बाईवर माझा तुमच्यापेक्षा जास्त विश्वास बसला."

*

खाला अबहाला जाऊन आली. अल-उलाला जाऊन आली. वेगळं सिम घेतलं तिच्यासाठी, जुन्या फोनात घातलं. फौजदार आता मुक्ताला कमी आणि खालालाच जास्त फोन करायला लागला. गुडघ्याला काय लावू, लिंबाचं लोणचं का बुरसटतं. मी गाडी बाजूला घेऊन लोणच्याला मीठ सांगायचो.

पण मला त्या माणसाचा संशय यायला लागला. एकच गोष्ट तो दोनदा विचारायचा, दोन बाजूंनी. आधी विचारेल, किती लेकरं तुम्हाला? मग आठ दिवसांनी सहज, धाकटा कुठं असतो म्हणालात? अशी पोलिसी चाल. थाप मारणं सोपं, पण मारलेली थाप सांभाळणं म्हणजे दुसरी नोकरीच. कधी अडकलो की खालाला खोकला यायचा.

आणि कधी कधी तो काही विचारायचाच नाही. नुसता बोलायचा. एकदा म्हणाला, "खाला, पोरगी फोनवर हो बाबा, नाही बाबा एवढंच म्हणती. माझ्याशी तिला बोलायलाच काही नसतं. तिची आई असती तर कळलं असतं, काय चाललंय पोरीच्या मनात."

 खाला म्हणाली, तुम्ही चौकशी कमी करा साहेब, तुमच्या घरची खबर जास्त सांगा. तुम्ही सांगितलंत की ती सांगेल. पलीकडून "बरं." मग मुक्ताच मला म्हणाली, बाबांनी काल पहिल्यांदा स्वतःहून सांगितलं, अंगणातल्या पेरूला फळ धरलंय म्हणून.

हे सगळं मी एकदा गावी फोन करून रुकय्याला हसत हसत सांगितलं. वाटलं, हसेल.  ती म्हणाली, "मला एकदा सौदी दाखवली नाय तुमी. माझा आवाज तेवढा अबहापर्यंत फिरवून आणलात."

*

आणि मग फौजदार स्वतः आला.

झालं असं, मुक्ताला इथेच पीएचडीची जागा मिळाली. पुढची तीन वर्षं. पोरगी आनंदाने नाचत होती. पण बाप म्हणाला, आधी मी येऊन बघणार, मग ठरवणार. टुरिस्ट व्हिसा काढला. विमान कधी ते कळवलं, आणि परतीची दोन तिकिटं काढली आहेत हेही कळवलं. एक त्याचं, एक मुक्ताचं. पटलं नाही तर तिला सोबत घेऊन जायचं, असा सरळ हिशेब.

पोरांनी मला चहाच्या टपरीवर घेरलं. चिन्मय म्हणाला, "चाचा, एक दिवस. फक्त एक दिवस साध्या माणसासारखं वागा."  मुक्ताने चहा तसाच ठेवला होता. जाताना म्हणाली, "चाचा, बाबांना खोटं सापडलं ना, की ते भांडत नाहीत. उठून चालायला लागतात." मी दाढीची शपथ घेतली. एक थाप नाही, एक चेष्टा नाही.

विमानतळावर फौजदाराने माझा हात हातात घेतला, सोडला नाही. इकडे तिकडे बघून म्हणाला, "खाला कुठं हायेत?"

मी म्हटलं, जुबैलला गेलीय, भाचीच्या बाळंतपणाला. ही पोरांनीच ठरवून दिलेली थाप, माझी नव्हे, म्हणून शपथेत बसत नाही.

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अल-अहसाची ट्रिप. फौजदार बरोबर माझ्यामागच्या सीटवर. आरशात बघावं तेव्हा ती पांढरी मिशी माझ्याकडे बघतेय. मी गप्प. रस्त्याच्या कडेने उंटांचा अख्खा कळप चालला होता, पण मी 'उंट' असं म्हणालोसुद्धा नाही. एरवी मी नव्या पाहुण्याला सांगतो, की यातला पुढचा उंट माझा साडू आहे. फौजदाराने वळून चिन्मयला विचारलं, "हा माणूस रोज असाच असतो का?" चिन्मयला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "हो काका, फार शांत आहेत ते." त्याच्यामागे कुणाच्या तरी घशात चिवडा अडकला.

अर्ध्या वाटेवर पंपावर थांबलो. पोरं चहाला आणि बाथरूमला उतरली. मुक्ता बापाशेजारी उभी होती, बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत, सोडत. सवयीप्रमाणे मी कोस्टरला कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकली. इतक्यात बघतो, तर फौजदाराने मुक्ताला चहा आणायला पाठवलं आणि स्वतः सावलीत जाऊन फोन कानाला लावला.

आणि माझ्या खिशात खालाचा फोन थरथरायला लागला.

आवाज बंद केला होता, पण थरथर कोण बंद करतं? कुणी न विचारताच मी मोठ्याने जाहीर केलं, जरा टायरची हवा बघून येतो, आणि टायरांच्या उलट्या दिशेने चालायला लागलो. पंपामागे पाण्याची टाकी होती आणि जुने डबे पडले होते. तिथे उन्हात उभा राहिलो. घसा साफ केला, रुकय्याचा श्वास घेतला आणि फोन उचलला. "सलाम साहेब."

"सलाम खाला. बाळ-बाळंतीण बरी हायेत ना?"

"अल्लाच्या मेहेरबानीनं बरी हायत."

"एक विचारायचं होतं." त्याचा आवाज रोजच्यापेक्षा खाली होता. "मी सकाळपासून तुमच्या मालकांच्या मागं बसून बघतोय. माणूस एक शब्द बोलला नाही. नोकरीत मी शिव्या देणाऱ्यावर विश्वास ठेवला, रडणाऱ्यावर ठेवला. गप्प माणसावर कधी ठेवला नाही. आता तुम्हीच सांगा. माझं एकच लेकरू हाय. तीन वर्षं ठेवू का हितं? ह्या माणसाच्या गाडीत बसवू का तिला? तुम्ही म्हणाल तसं करतो. पण खरं सांगा."

जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडात काही तयार नव्हतं.  खोकलासुद्धा येईना. शेवटी खालाच बोलायला लागली.

ती म्हणाली, "साहेब, माझा नवरा थापाड्या हाय. तोंडाला दार नाय त्याच्या. पोरांना छळतो, पोलिसांना छळतो, मला तर निकाहापासून छळतोय. पण गाडीत पोरं असली की त्याचा पाय ब्रेकवर असतो. आणि शेवटचं पोर हॉस्टेलच्या दारातून आत जाईपर्यंत तो गाडी वळवत नाय. मुक्ता तुमची लेक हाय, न्यायची तर न्या. पण तशी नेलीत तर ती तिकडं गप्प बसून राहील. आणि गप्प माणसावर तुमचा विश्वास नाय, आताच म्हणालात."

 पंपावरच्या गाड्यांचा आवाज मला फोनमधूनही येत होता आणि टाकीपलीकडूनही.

"बरं," फौजदार म्हणाला. "तुमचा शब्द मानला, खाला. पोरगी ऱ्हाईल. आता तेवढं त्या टाकीमागून बाहेर या आणि गाडीचं कुलूप काढा. लेकरं उन्हात उभी हायेत."